पूर्ण झालेली इच्छा काय मागते

प्लास्टिकची मोटार-मॉडेल जोडणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी मंडळींची एक मागणी वर्षानुवर्षे तशीच आहे. १९६४ ची पॉन्टिऍक जीटीओ, १९६८ ची प्लिमथ रोड रनर, १९६९ ची डॉज चार्जर, १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ अशा जुन्या मसल कारची किट कुणीतरी मोठ्या मापात, म्हणजे १/१२ किंवा १/८ मापात, नव्याने काढावीत. जुन्या साच्यांतून पुन्हा माल काढून नवे खोके चढवू नये. खरी गाडी नव्याने मोजून नवे साचे कोरावेत. वरवर पाहता ही गिऱ्हाइकाची फर्माईश आहे, तत्त्वज्ञानाने तिच्याकडे वळून पाहावे असे तिच्यात काही दिसत नाही. मला मात्र वाटते की इच्छेबद्दल आपण धर्मग्रंथांकडून आणि दर्शनांकडून जे शिकत आलो, त्याची परीक्षा घेणारे इतके चोख उदाहरण सहज सापडत नाही. इथे इच्छेचा विषय एक वस्तू आहे. तीही मूळ वस्तू नाही, तिची नक्कल आहे. ती नक्कल चालत नाही, कुणाला कुठे नेत नाही. आणि ज्या गाडीची ती नक्कल, ती गाडीच गरजेपेक्षा कितीतरी अधिक ताकदीची, पेट्रोल पिणारी चैन होती. इच्छेवर जेवढे म्हणून आरोप ठेवता येतात तेवढे सगळे इथे लागू पडतात असे वाटते. माझे म्हणणे असे की त्यांतले मुख्य आरोप लागू पडत नाहीत. ते का पडत नाहीत हे नीट पाहिले तर एकूणच इच्छांची प्रतवारी कशी लावावी याचा एक निकष हाती येतो: इच्छा कशाची आहे एवढेच न विचारता, पूर्ण झाल्यावर ती आपल्याकडून काय मागते हे विचारावे.

आधी मूळ वस्तूविषयी. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, सामान्य घराला परवडणाऱ्या गाडीत बसवलेले मोठ्या गाडीचे इंजिन. जनरल मोटर्समध्ये तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. पॉन्टिऍक विभागात जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट ल मांस या गाडीला ३८९ घन इंचांचे व्ही-८ इंजिन ऐच्छिक साहित्य म्हणून देऊ केले. गाडी जुनीच, फक्त पर्याय नवा. त्यामुळे कागदोपत्री नियम शाबूत राहिला. १९६४ या पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या आणि मग सगळे डेट्रॉइट त्या वाटेने धावले. १९६६ मध्ये क्रायस्लरने ४२६ घन इंचांचे हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांना दिले, ४२५ अश्वशक्तीचे. १९७० मध्ये शेव्हेलच्या ४५४ घन इंचांच्या एका इंजिनाची जाहीर ताकद ४५० अश्वशक्ती होती. त्यानंतर उतार लगेच लागला. विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१ च्या गाड्यांसाठी जनरल मोटर्सने इंजिनांचे दाब-गुणोत्तर खाली आणले, आणि ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीने उरलेसुरले संपवले. जेमतेम दहा वर्षांचा हा काळ. या गाड्यांची यादी इतिहासाने बंद केली आहे, तिच्यात भर पडणार नाही. म्हणूनच त्यांच्याविषयीची इच्छा दोनच दिशांनी जाऊ शकते, उरलेल्या मूळ गाड्यांकडे किंवा त्यांच्या प्रतिकृतींकडे. या दोन दिशांमधला फरक हा या लेखाचा गाभा आहे.

प्रतिकृतींचा इतिहासही समजून घ्यावा लागतो, कारण ‘नवी’ आणि ‘मोठी’ हे दोन आग्रह त्यातूनच आले आहेत. पन्नाशीच्या दशकात एएमटी, जो-हॅन यांसारख्या कंपन्या मोटार-विक्रेत्यांसाठी जाहिरातीच्या छोट्या गाड्या बनवत. नव्या वर्षाची गाडी दुकानात आली की तिची १/२५ मापाची हुबेहूब गाडी गिऱ्हाइकाच्या पोराला द्यायची. त्याच साच्यांपासून पुढे जोडायची किट निघाली आणि १/२५ हे अमेरिकी मोटार-मॉडेलचे रूढ माप होऊन बसले. हेतू जाहिरातीचा असल्याने बाहेरचे रूप काळजीने घडवले जाई आणि पोटातले तसेच सोडून दिले जाई. त्या काळच्या अनेक किटमध्ये पुढच्या चाकांची धातूची दांडी सरळ इंजिनाच्या ठोकळ्यातून आरपार जाते. त्यासाठी इंजिनाला चक्क भोक ठेवलेले असते. खऱ्या गाडीत असे काही असूच शकत नाही. मोठ्या मापाचे प्रयोग झाले नाहीत असे नाही. मोनोग्रामने १९६२ मध्ये ‘बिग टी’ आणि १९६३ मध्ये ‘बिग ड्यूस’ ही १/८ मापाची किट काढली, पण त्या फोर्डच्या जुन्या गाड्यांवर बेतलेल्या हॉट रॉड होत्या. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी त्याच मापात कॅमारो आणि ट्रान्स ऍम आल्या, त्याही तेव्हाच्या चालू गाड्या, ऐन बहरातल्या मसल कार नव्हेत. त्या बहरातल्या गाड्यांच्या वाट्याला मुख्यतः १/२५ आणि १/२४ हीच मापे आली, अधूनमधून १/१६. मागणी उगाच होत नाही, इतके यावरून दिसावे.

आता इच्छेवरचा मुख्य आरोप. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ या श्लोकांत जी साखळी सांगितली आहे ती मराठी वाचकाला पाठ असते: विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, आणि तिथून खाली बुद्धिनाशापर्यंत. या साखळीतली एक कडी मला नेहमी विचार करायला लावते. काम आणि क्रोध यांच्यामध्ये काय घडते? शंकराचार्यांनी भाष्यात ते सांगितले आहे: इच्छा कुठूनतरी अडवली गेली की तिचा क्रोध होतो. इच्छा अडते ती बहुतेक वेळा दुसऱ्या माणसामुळे. जे मला हवे तेच त्याला हवे असते आणि वस्तू एकच असते. १९७१ च्या प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबलचे उदाहरण घ्या. त्या अवघ्या ११ बनल्या. २०१४ मध्ये त्यांतली एक लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. लिलावाच्या त्या दालनात प्रत्येक इच्छुक दुसऱ्या प्रत्येक इच्छुकाचा शत्रू असतो, कारण एकाची पूर्ती म्हणजे बाकीच्यांची वंचना. गीतेतली साखळी अशा इच्छेला तंतोतंत बसते.

किटची इच्छा या साखळीत बसत नाही, आणि त्याचे कारण माणसांच्या चांगुलपणात नाही, वस्तूच्या घडणीत आहे. किट बनवायचे तर पोलादी साचे कोरावे लागतात आणि साच्यांचा खर्च प्रचंड असतो. एका माणसासाठी तो कुणी करत नाही. तीच गाडी, त्याच मापात, हजारो लोकांना हवी असली तरच साचा कोरला जातो, आणि एकदा कोरला की त्यातून निघणारे प्रत्येक किट आधीच्या किटइतकेच खरे असते. म्हणजे इथे दुसऱ्याची इच्छा माझ्या इच्छेच्या आड येत नाही; ती माझ्या इच्छेच्या पूर्तीची अट असते. मोठ्या मापाची जीटीओ मनात धरणारा माणूस नकळत असेच म्हणत असतो की ही अनेकांना हवी असो आणि अनेकांना मिळो. कुणी म्हणेल, हा निव्वळ अर्थशास्त्राचा हिशेब झाला, यात नीती कुठली? मला हे विभाजन पटत नाही. ज्या इच्छेची रचनाच अशी की ती एकट्याने पूर्ण होऊ शकत नाही, ती बाळगणाऱ्याच्या मनाला रोज थोडे वळण लावत असते. दुसऱ्याच्या आवडीची बातमी त्याला आनंदाची वाटू लागते. मत्सराला जागा उरत नाही असे मी म्हणत नाही. पण त्याला आधारासाठी दुसरे काही शोधावे लागते, इच्छेचा विषय तो आधार देत नाही.

दुसरा आरोप नकलेचा, आणि तो प्लेटोचा आहे. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तो तीन पलंग सांगतो: पलंगाचे आदिरूप, सुताराने बनवलेला पलंग आणि चित्रकाराने रंगवलेला पलंग. चित्रकार सत्यापासून तिसऱ्या पायरीवर, कारण त्याला पलंग फक्त एका बाजूने, दिसतो तसा ठाऊक असतो. पुढे तो आणखी नेमके सांगतो की वस्तूविषयीचे ज्ञान वापरणाऱ्याला असते, बनवणाऱ्याला वापरणाऱ्याकडून मिळालेली योग्य समजूत असते, आणि नक्कल करणाऱ्यापाशी यांतले काहीच नसते. मॉडेल जोडणारा या तिघांत कुठे बसतो? माझ्या मते याचे उत्तर मापावर अवलंबून आहे, आणि मोठ्या मापाची इच्छा समजण्याची किल्लीही तीच आहे. १९६९ ची चार्जर सुमारे ५.२८ मीटर लांब होती. १/२५ मापात ती २१ सेंटिमीटरची होते, १/१२ मध्ये ४४, १/८ मध्ये ६६. लांबी तिपटीने वाढली, पण आकारमान तिसाहून अधिक पटींनी. फरक तपशिलाच्या जाडीत खरा कळतो. स्पार्क प्लगची तार खऱ्या गाडीत साधारण ७ मिलिमीटर जाडीची असते. १/२५ मध्ये ती पाव मिलिमीटरच्या आसपास येते, जवळजवळ केसच. १/८ मध्ये ती पाऊण मिलिमीटरहून जाड राहते, बोटांना लागते, वाकवता येते, तिला टोक आणि टोपी बसवता येते. रंगाचेही तसेच. मॉडेलवर चढलेला दहावा भाग मिलिमीटरचा थर १/२५ मापात अडीच मिलिमीटर जाडीच्या रंगासारखा वागतो, दारांच्या फटी बुजवतो, कडा गोल करतो. लहान मापात खरे करणे पदार्थाच्या स्वभावामुळेच अशक्य होते, तिथे सूचकतेवर भागवावे लागते. तिथे प्लेटोचा चित्रकार पुरतो. मोठ्या मापात तो पुरत नाही.

तारांचाच मुद्दा थोडा पुढे नेतो, कारण मला त्यात या छंदाचे सगळे मर्म दिसते. पॉन्टिऍकच्या त्या व्ही-८ इंजिनात, आणि ४२६ हेमीतही, सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवरून निघणारी प्रत्येक तार या क्रमाने आपापल्या सिलिंडरकडे जाते. मोठ्या मापाचे इंजिन जोडणारा माणूस हा क्रम शोधून काढतो, टोपीखालचा रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते पाहतो आणि आठही तारा त्याप्रमाणे नेतो. हे इंजिन कधी पेटणार नाही. चुकीच्या क्रमाने जोडल्याने काही बिघडणार नाही. वरचे झाकण लावल्यावर तर कुणाला दिसणारही नाही. तरीही क्रम चुकलेला कळला तर तो माणूस तारा काढून पुन्हा लावतो. ज्या कृतीला फळच नाही तिच्यात अचूकतेचा आग्रह कशासाठी? उपयोग हे उत्तर इथे संभवत नाही, कौतुकही नाही. उरते ते एकच: वस्तू जशी होती तशी तिला मान देणे. फळाची आशा सोडून कर्म नीट करणे म्हणजे काय, याचे इतके निर्भेळ उदाहरण मला दुसरे सुचत नाही. गीतारहस्यात टिळकांनी कर्मत्याग आणि फलाशात्याग यांतला भेद पुन्हापुन्हा ठसवला. इथे फळ मुळातच काढून घेतलेले आहे आणि कर्माची कसोटी जशीच्या तशी उरली आहे.

लहान प्रतिकृतींच्या ओढीविषयी आधुनिक काळात सर्वांत खोल विचार क्लोद लेव्ही-स्ट्रॉस याने १९६२ च्या आपल्या ‘रानटी विचार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात केला. त्याचे म्हणणे असे की खरी वस्तू आपल्याला भागाभागाने कळते, तिचा प्रतिकार मोडण्यासाठी आपण ती तोडून पाहतो. लघुरूपात मात्र पूर्ण आधी कळते आणि भाग मागून. आकार घटला की वस्तू सोपी झाल्यासारखी वाटते, आपल्या कह्यात आल्यासारखी वाटते. हे विवेचन मला मान्य आहे, पण मोठ्या मापाच्या मागणीपुढे ते अपुरे पडते. लघुरूपाचा आनंद जर कह्यात येण्याचा असेल, तर लोकांनी आणखी लहान मागायला हवे होते. ते मोठे मागतात. म्हणजे त्यांना वस्तू पूर्ण सोपी झालेली नको आहे. एका नजरेत मावावी इतकी ती लहान हवी आणि भागांनी पुन्हा विरोध करावा इतकी मोठी. सहजासहजी शरण न येणारी वस्तू मागणारी ही इच्छा आहे, आणि तिला निव्वळ मालकीची हाव म्हणणे न्यायाचे होणार नाही. याला आणखी एक बाजू आहे. चार्जर, चॅलेंजर, बॅराकुडा या गाड्या हॅमट्रॅमकच्या ज्या अजस्र कारखान्यात बनत, ज्याला ‘डॉज मेन’ म्हणत, तिथल्या कामगाराने पूर्ण गाडी कधी जोडली नाही. पट्टा सरकत असे आणि त्याच्या वाट्याला तीच दोन-चार बोल्टांची हालचाल दिवसभर येई. १९६८ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय कामगारांनी उभारलेल्या क्रांतिकारी चळवळीमागे या कामाचा वेग आणि त्यातली विषम वागणूकच होती. १९८० मध्ये तो कारखाना बंद झाला. चौकटीपासून आरशापर्यंत सगळी गाडी एकाच माणसाच्या हातांखालून जाण्याचा प्रसंग त्या गाडीच्या इतिहासात फक्त मॉडेलच्या रूपातच येतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. इतकी तळमळ असेल तर किटची वाट का पाहायची? पितळेचा पत्रा आहे, प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत, आता त्रिमितीय छपाईची यंत्रे घराघरांत आली आहेत, स्वतःच बनवावे. शिवाय मोठ्या मापात १/८ ची धातूची शेल्बी मस्टँग डे ऍगोस्टिनी या प्रकाशन कंपनीने आठवड्याला थोडे थोडे भाग देऊन काढलीच होती. दुसरे आधी पाहू. तशा मालिकांमधले भाग बहुतेक रंगवून येतात, स्क्रू-ड्रायव्हरने जोडले जातात. सुंदर वस्तू तयार होते, पण ती जोडणाऱ्याकडून फारसे मागत नाही. माप मोठे असूनही माझ्या निकषावर ती इच्छा थोडक्यात आटोपते. स्वतःच घडवण्याचा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि जे घडवतात त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी किट मागण्यात वेगळे मोल आहे. एकट्याने घडवताना मोजणारा आणि घडवणारा एकच असतो. त्याची चूक त्याला दाखवायला कुणी नसते. चांगल्या किटमागे दुसऱ्या कुणीतरी खऱ्या गाडीपुढे घालवलेला वेळ असतो. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये १/१२ मापाची पोर्शे ९३४ काढली, तेव्हा अभ्यासासाठी एक पोर्शे ९११ विकत घेऊन ती पूर्ण सुटी केली होती. अशा किटचा जोडणारा एका परक्या माणसाच्या निरीक्षणाला आपले हात सुपूर्द करतो, त्याच्याशी वाद घालतो, जिथे ते निरीक्षण कमी पडले तिथे दुरुस्त करतो. आणि हजारो लोक त्याच भागांवर काम करत असल्याने त्या दुरुस्त्या सगळ्यांच्या होतात. अमेरिकी मसल कारच्या वाट्याला अशी बारकाईची वागणूक मोठ्या मापात फार क्वचित आली, ही खंत मला खरी वाटते.

याहून कठीण आक्षेप नैतिक आहे. ज्या गाडीला इतका मान द्यायचा ती गाडी मानाच्या लायकीची होती का? १९६५ मध्ये राल्फ नाडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक आले. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या रस्त्यांवर दर वर्षी पन्नास हजारांहून अधिक माणसे मरत होती. ४०० घन इंचांहून मोठे इंजिन तरुण मुलाच्या हाती देऊन, ब्रेक मात्र बहुधा चारही चाकांना ड्रमचेच ठेवून त्याला रस्त्यावर सोडणे हा बेजबाबदारपणा होता. ते पेट्रोल शिसेयुक्त होते, तो धूर लोकांच्या फुप्फुसांत गेला. हे सगळे खरे आहे आणि या गाड्यांवर प्रेम करणाऱ्याने ते विसरता कामा नये. पण प्रतिकृतीची इच्छा ही त्या काळात परत जाण्याची इच्छा आहे, हे गृहीत मला चुकीचे वाटते. ऍरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त प्लेटोला दिलेले उत्तर इथे कामी येते: प्रत्यक्षात पाहवत नाहीत अशा गोष्टींचीही अचूक प्रतिमा आपण आनंदाने पाहतो, कारण पाहताना आपण शिकत असतो, हे अमुक आहे असे ओळखत असतो. मॉडेलमधली जीटीओ कुणाला चिरडत नाही, धूर सोडत नाही. तिचा जो भाग जपण्यासारखा होता, म्हणजे पत्र्याला दिलेले वळण, एका ओळीत बसवलेल्या तीन कार्ब्युरेटरांची रचना, तोही तिच्यात आहे. आणि जो भाग धोक्याचा होता तोही, ते ड्रम ब्रेक, ती अरुंद चाके. मोठ्या मापात ही चाके आणि हे इंजिन शेजारीशेजारी पाहणाऱ्याला त्या गाडीचे संकट कुठल्याही भाषणाशिवाय कळते. प्लास्टिकही तेलातूनच येते, हे कबूल. पण काही किलो पॉलिस्टायरीनमागे शेकडो तासांचे काम आणि दशकांचे आयुष्य असेल तर तो सौदा अप्रामाणिक नाही.

सर्वांत अवघड आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडून होत नाही. किट विकत घेणाऱ्या पुष्कळांची किट उघडलीच जात नाहीत. कपाटे भरतात, पोटमाळे भरतात, आणि माणूस पुढच्या किटची इच्छा करू लागतो. अपरिग्रहाचे व्रत सांगणाऱ्या जैन विचाराला किंवा तृष्णेला दुःखाचे मूळ मानणाऱ्या बौद्ध विचाराला यात नवे काहीच वाटणार नाही. संयुक्त निकायात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. कोसंबीच्या घोषिताराम विहारात तो आनंदाला विचारतो की इच्छेनेच इच्छा कशी सोडायची, याला तर अंतच नाही. आनंद त्याला उलट विचारतो की इथे या उद्यानात येण्याची इच्छा तुला झाली होती ना, आणि आल्यावर ती शमली ना? बौद्ध साधनेत तृष्णा वेगळी आणि काही करण्याची, कुठेतरी पोचण्याची इच्छा वेगळी. ही दुसरी तर ऋद्धिपादांतला, म्हणजे सिद्धीच्या आधारांतला, पहिला पाद मानली आहे. कृतीत उतरून तिथेच विरणाऱ्या इच्छेला या कथेत जागा आहे. न उघडलेले खोके हे उद्यानाच्या दारापर्यंत येऊन परत फिरण्यासारखे आहे. अशा संग्रहाचा बचाव मी करणार नाही. तिथे इच्छा पूर्ण झाली असे वाटते, पण तिने जे मागितले ते दिले गेलेले नसते. मात्र यावरून इच्छाच खोटी ठरत नाही. गीतारहस्यातल्या सुखदुःखविवेकात, सगळे सुख म्हणजे तृष्णेच्या दुःखाचे निवारण, हे मत टिळकांनी खोडून काढले आहे, आणि मला ते खोडणे योग्य वाटते. तारा नीट बसल्याचा आनंद हा कुठल्या टोचणीचे शमन नसतो. तो आधी ठाऊकही नसतो. काम करतानाच जन्मतो. मोठे माप या बाबतीतही उपकारक आहे: ६६ सेंटिमीटरच्या गाडीची डझनभर खोकी घरात रचून ठेवता येत नाहीत. एक आणले की ते जागा मागते, टेबल मागते, महिने मागते, आणि माणसाला त्याच्याकडे वळावेच लागते.

आणि ‘नवे’ का, याला केवळ हौसेपलीकडचे एक कारण आहे, ज्याला मुदत आहे. उरलेल्या मूळ गाड्यांपैकी पुष्कळांचे नूतनीकरण झाले आहे, आणि नूतनीकरण करणारे त्या गाडीला कारखान्यातून निघाली होती त्याहून चांगली करून ठेवतात. कारखान्यात तळाशी रंगाचा फवारा वाटेल तसा उडालेला असे, जोडाची पेस्ट हाताने फासलेली असे, तपासनिसाने खडूने खुणा केलेल्या असत, दार आणि फेंडर यांतली फट दोन बाजूंना सारखी नसे. चकचकीत झालेल्या गाडीत ही साक्ष पुसली जाते. हात न लागलेल्या मूळ गाड्या थोड्या आहेत आणि दर वर्षी आणखी थोड्या होत आहेत. त्या गाड्या ज्यांनी जोडल्या ती माणसे तर आणखी वेगाने कमी होत आहेत. आज लेझरने मोजून एखादी गाडी केसाच्या जाडीपर्यंत नोंदवता येते. पूर्वीच्या साचाकारांना लाकडी नमुना कोरून पँटोग्राफने तो लहान करत न्यावा लागे. साधन आले आहे आणि मोजण्याजोगी वस्तू जात आहे, असा हा थोडा काळ आहे. या काळात जी कंपनी अशा एका न बदललेल्या १९६४ च्या जीटीओपुढे माणसे बसवील, तिच्या तळाचे, जोडांचे, खडूच्या खुणांचेही माप घेईल आणि १/१२ मध्ये ती लोकांच्या हाती देईल, तिच्याकडे पैसे पाठवायला मसल कारचे चाहते तयार आहेत. त्यांनी ही मागणी मोठ्याने आणि आत्ताच करावी, यात त्यांना संकोच वाटण्याचे काही कारण मला दिसत नाही.